पेठेची सभा

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या पेठेतील जुन्या वाचनालयाच्या दिवाणखान्यात सतरंज्या अंथरल्या जातात, भिंतीलगत वृद्धांसाठी दहाबारा खुर्च्या मांडल्या जातात, आणि ज्यांची घरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही ज्यांची महिनोन् महिने गाठ पडत नाही असे तीस-चाळीस गृहस्थ व गृहिणी तेथे एकत्र येतात. चिटणीस प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवितात. ते कायम झाले म्हणजे अध्यक्ष एकेक विषय पुकारतात. पहाटे येणाऱ्या पाण्याचा जोर दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही. मंगल कार्यालयातला ध्वनिक्षेपक रात्री दहाची कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडून वाजत राहतो. शाळा सुटण्याच्या वेळी चौकात रिक्षांची अशी दाटी होते की आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे तर वाट मिळत नाही. आणि मृग नक्षत्र तोंडावर आले तरी गटारे उपसण्याची तजवीज अद्याप झालेली नाही. ह्या विषयांत राष्ट्राच्या भवितव्याची चर्चा नसते, पक्षोपपक्षांचा वाद नसतो, आणि म्हणूनच सुशिक्षित म्हणविणाऱ्या पुष्कळ लोकांना ही सभा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटते. मला तसे वाटत नाही. मनुष्य आपल्या उंबरठ्याबाहेर पहिले पाऊल टाकतो ते गल्लीत टाकतो, आणि त्या पहिल्या पावलाखालची जमीन कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार जर तो वापरीत नसेल, तर पुढे ज्या मोठमोठ्या अधिकारांची नावे तो घेतो त्यांना फारसा अर्थ उरत नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

परंतु ह्या सभांविषयी लिहिण्याचे खरे कारण एक दिवा आहे. आमच्या पेठेतील एका अरुंद बोळाच्या वळणावर असलेला तो दिवा बंद पडला, तेव्हा सभेत त्याची नोंद झाली, संबंधित कार्यालयाकडे अर्ज गेला, आणि तेथून उत्तर आले की खांब आपल्या अखत्यारीतला नाही. ज्यांच्या अखत्यारीत तो खांब होता त्यांनी कळविले की दिवा आपला नाही. असे कागद इकडून तिकडे फिरत असता सात महिने गेले, आणि ह्या सात महिन्यांत आमच्या सभेने तो विषय दर वेळी ‘कार्यवाही चालू’ एवढा शेरा मारून पुढच्या महिन्यावर टाकला, कारण सभेला येणाऱ्यांपैकी कोणालाही रात्री त्या बोळातून जावे लागत नव्हते. मग एका रात्री रुग्णालयातील पाळी संपवून घरी परतणारी एक परिचारिका त्या अंधारात गटाराच्या निसटलेल्या झाकणावरून पडली आणि तिचे मनगट मोडले. ती त्याच बोळातल्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, भाड्याने राहत होती. पुढच्या सभेला ती हात गळ्यात बांधून आली आणि उभी राहून इतकेच म्हणाली, “मी इथं चार वर्षं राहते. ही सभा भरते, हे मला आज कळलं.”

त्या वाक्याने जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही. आम्ही पेठेची सभा म्हणून जमत होतो, पेठेच्या नावाने अर्ज करीत होतो, अर्जाखाली ‘समस्त रहिवासी’ असे लिहीत होतो. आणि ज्या रहिवाशाला त्या दिव्याची सर्वांत अधिक गरज होती तिला ह्या सभेचे अस्तित्वसुद्धा ठाऊक नव्हते. मोहल्ल्याची सभा कोणाच्या वतीने बोलते, तिला ती मुखत्यारी कोणी दिली, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडीत नाही, आणि जसजसा मी त्याचा विचार करू लागलो तसतसे माझ्या ध्यानी आले की ह्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी व समकालीनांनीही वेगवेगळ्या प्रकारे शोधलेले आहे.

आपल्याकडे गावच्या वा पेठेच्या लोकांनी एकत्र बसून निवाडा करण्याची परंपरा जुनी आहे. अशा बैठकीला गोतसभा म्हणत. तीत पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार बसत, वतनाचा किंवा शिवेचा कज्जा ऐकत, आणि जो फैसला होई त्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते महजरावर आपापल्या व्यवसायाची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर तर प्रसिद्धच आहे, आणि त्याच्याखाली इतर बलुतेदारांची हत्यारे रेखाटलेली दिसतात. आज ते कागद पाहताना मनात येते की ह्या माणसांना लिहिता येत नव्हते तरी आपण त्या बैठकीत होतो, आपल्या संमतीवाचून हा निर्णय झालेला नाही, ह्याची खूण कागदावर ठेवण्याची त्यांना दक्षता होती. अर्थात त्या सभेचे गुणगान करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे: वतन हेच तेथे बसण्याचे प्रमाणपत्र होते, जातीची उतरंड दाराबाहेर राहत नसे, शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली गेली तरी गावात त्याला समान स्थान मिळाले नाही, आणि स्त्रियांचा शब्द क्वचितच नोंदला गेला. पेशवाईत पुण्याच्या पेठा वसल्या तेव्हा शेटे-महाजनांकडे पेठेच्या व्यापाराची व वसाहतीची व्यवस्था आली आणि शहराच्या बंदोबस्तासाठी, स्वच्छतेसाठी व किरकोळ तंट्यांच्या निवाड्यासाठी कोतवालाची कचेरी उभी राहिली; पेठेने आपले आपण पाहावे आणि सरकारने वरून देखरेख करावी, अशी ती वाटणी होती.

इंग्रजी अमलात ही घडी मोडली, आणि तिच्या जागी जे नवे उभे राहिले त्याचा पहिला ठळक नमुना पुण्यातच सापडतो. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्या असंतोषातून गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन केली. ज्यांना पुढे सारा महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखू लागला त्या जोश्यांच्या ह्या संस्थेचे राजकीय महत्त्व आपण पाठ्यपुस्तकांतून शिकतो, परंतु तिच्या घटनेतील एका नियमाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. सभेचा सभासद व्हावयाचे तर वर्गणी भरून किंवा प्रतिष्ठेच्या जोरावर होता येत नसे. किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे, म्हणजे पन्नास माणसांनी ‘आमच्या वतीने हा बोलेल’ असे लिहून द्यावे लागे. आरंभी पंच्याण्णव सभासद होते आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यारनामे होते. मतदानाचा अधिकार ज्या काळी रयतेला नव्हता, निवडणूक हा शब्दही ज्या काळी सामान्यांच्या कानावर पडला नव्हता, त्या काळी काही माणसे घरोघर हिंडून पन्नास-पन्नास सह्या गोळा करतात आणि मगच तोंड उघडतात, ह्यातील विवेक मला विलक्षण वाटतो. एका देवस्थानच्या हिशेबापासून निघालेली ही सभा न्यायमूर्ती रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली पुढे शेतसाऱ्यापर्यंत पोहोचली, आणि 1876–77 च्या दुष्काळात तिने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली. परंतु हे सर्व करण्याचा तिचा अधिकार त्या सह्यांच्या कागदांवर उभा होता.

मुंबईत चाळीने ही परंपरा आपल्या पद्धतीने चालविली. 1893 साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो आजही चालू आहे, आणि 1920 च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, परळ व शिवडी येथे ज्या 207 बीडीडी चाळी बांधल्या त्यांतील एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची, आणि मजल्याला सामाईक शौचालये, अशी रचना असल्यामुळे पाण्याची पाळी, जिन्याची झाडलोट आणि मयताचा खर्च ह्या गोष्टी चाळ-समितीवाचून चालूच शकत नव्हत्या. जागेच्या टंचाईने त्यांना सभा घेण्यास भाग पाडले, असे म्हटले तरी चालेल.

परंतु मोहल्ल्याच्या सभेच्या सामर्थ्याची जी कसोटी भिवंडीत झाली तिच्यासमोर ही सर्व उदाहरणे फिकी पडतात, आणि म्हणून तिच्याविषयी मी थोडे विस्ताराने सांगणार आहे. ठाणे जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे गाव. मागाची खडखड जेथे रात्रंदिवस थांबत नाही, जेथे मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, आगरी, तेलुगू पद्मशाली आणि उत्तरेकडून आलेले मजूर दाटीवाटीने राहतात. 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून येथे भीषण दंगल झाली, तिच्या व जळगाव-महाड येथील प्रकारांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन ह्यांचा आयोग नेमला गेला. आणि 1984 साली पुन्हा दंगल पेटली. पुढे 1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. दंगल आवरण्याची तयारी करण्याऐवजी ती होऊच नये अशी व्यवस्था करावी, असा त्यांचा विचार होता, आणि ती व्यवस्था म्हणजे मोहल्ला समिती.

शांतता समित्या त्याआधीही होत्या. परंतु त्या दंगल झाल्यावर भरत, त्यांत शहरातील पुढारी, धनिक व प्रतिष्ठित बसत, आणि छायाचित्र काढून झाले की त्या विसर्जित होत. खोपड्यांनी हे उलटे केले. त्यांच्या समितीत हिंदू व मुसलमान सारख्या संख्येने घेतले, पुढाऱ्यांना टाळून गल्लीतील सामान्य माणसे घेतली, आणि ती समिती वेळच्या वेळी भरविण्याची जबाबदारी त्या भागातील पोलीस शिपायावर व त्याच्या वरिष्ठावर टाकली, म्हणजे ज्याच्या हातात लाठी होती त्याच्याच हातात सभेची वही दिली. आणि ह्या समित्यांत बोलणे कशाचे होई? दोन धर्मांच्या ऐक्याची व्याख्याने तेथे होत नसत. नळावरचे भांडण, मागाच्या हौदाचे गळणारे पाणी, पोरीबाळींची छेड काढणारे टोळके, भाडेकरू-मालकाचा तंटा, अशाच गोष्टी मुख्यतः पुढे येत. ज्या शेजाऱ्याशी आपण मोरीच्या पाण्यावरून तडजोड केली आहे त्याच्याविषयी अफवा ऐकली तर मनुष्य निदान एकदा त्याच्याकडे जाऊन विचारतो, आणि ज्या शिपायाने आपला तंटा मिटविला आहे त्याला निरोप धाडण्यास तो कचरत नाही. अफवेला लागणारा काळोख त्या क्षुल्लक बोलण्यांनी हटविला होता.

6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईत जे घडले ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे: 900 माणसे मेली. मुंबईपासून रस्त्याने सहज गाठता येणारी, दोनदा होरपळलेली, ज्या गावाचे नाव दंगलीशी कायमचे जोडले गेले होते अशी भिवंडी त्या दोन महिन्यांत शांत राहिली. ह्या अनुभवावर खोपड्यांनी स्वतः मराठीत पुस्तक लिहिले आणि आशुतोष वार्ष्णेय ह्या राज्यशास्त्रज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचा अभ्यास मांडला. मुंबईनेही त्यापासून बोध घेतला, आणि 1994 मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी व निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो ह्यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली.

एवढे सांगून थांबलो तर मी वाचकांशी प्रामाणिक राहिलो नाही असे होईल. त्याच भिवंडीत 2006 च्या जुलैमध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव प्रक्षुब्ध झाला आणि दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. मोहल्ल्याची सभा ही एकदा बांधून ठेवायची इमारत नाही; ती विहिरीसारखी आहे, उपसा थांबला की तिचे पाणी नासते. अधिकारी बदलतात, नव्याला जुन्याचे काम आपले वाटत नाही, सभासद थकतात, आणि वही कपाटात पडते. ज्या गावी विशेष काही घडत नाही त्या गावी ही वही उघडी ठेवणे हे सर्वांत अवघड काम आहे.

1992 च्या ज्या डिसेंबर महिन्यात मुंबईत दंगल पेटली त्याच महिन्यात संसदेने संविधानाची 73वी व 74वी दुरुस्ती संमत केली. पहिलीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले; गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद झाला. दुसरी शहरांसाठी होती, परंतु शहरातल्या माणसाला तिने असे काही दिले नाही. तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे ती म्हणते, आणि त्या समित्यांत मुख्यत्वे नगरसेवक बसतात. मुंबईत नगरसेवक 227. 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी 54 हजारांहून अधिक माणसे, एवढ्या वस्तीला कोकणात तालुका म्हणतात. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने 2009 साली महापालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली: काही मतदान केंद्रांचा मिळून एक लहान भाग, त्यातील प्रत्येक मतदार सभासद, आणि त्या भागाचा नगरसेवक अध्यक्ष. कायदा चांगला आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला आहे. मार्च 2022 मध्ये मुंबई व पुणे महापालिकांची मुदत संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ ह्या शहरांत एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक होते. त्या काळात नागरिकांचे गाऱ्हाणे कचेरीपर्यंत नेण्याचे बरेच काम रहिवासी संघांनीच केले, आणि कोणी नेमलेले नसताना केले, हे मी कृतज्ञतेने नोंदवितो.

रहिवाशांच्या प्रयत्नांना कचेरीने दाद दिली तर काय होते, ह्याचे उदाहरण घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनचे. 1990 च्या दशकाच्या मध्यास तेथील रहिवाशांनी गल्लीतील घाणीला कंटाळून स्वतःच ओला व सुका कचरा वेगळा करण्यास प्रारंभ केला, आणि त्या प्रयोगाचे यश पाहून मुंबई महापालिकेने 1997 च्या सुमारास ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना आखली, जिला लोक तिच्या इंग्रजी नावाच्या एएलएम ह्या आद्याक्षरांनी ओळखतात. एका रस्त्यावरील वा गल्लीतील इमारतींनी एकत्र यायचे, विभाग कार्यालयात नोंदणी करायची, आणि कार्यालयाने त्यांच्याशी संपर्कासाठी एक अधिकारी नेमायचा, अशी तिची साधी रचना. अर्ज कोणाच्या टेबलावर गेला आहे हे ठाऊक असणे, ही ज्याला सामान्य गोष्ट वाटते त्याने कधी अर्ज केलेला नाही.

झोपडवस्त्यांत हेच तत्त्व अधिक कठोर रूपात दिसते. जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईत जो वस्ती स्वच्छता कार्यक्रम राबविला गेला त्यात सार्वजनिक शौचालय बांधण्यापूर्वी वस्तीने स्वतःची संस्था नोंदवावी, प्रत्येक प्रौढ माणसामागे 100 रुपये आणि कुटुंबामागे जास्तीत जास्त 500 रुपये वर्गणी गोळा करावी, आणि बांधून झाल्यावर देखभाल त्या संस्थेने करावी, अशी अट होती. गरिबाकडून आगाऊ पैसे मागण्याला माझा प्रथम आक्षेप होता आणि काही अंशी आजही आहे, कारण श्रीमंतांच्या वस्तीत मलवाहिनी घालताना असे कोणी विचारीत नाही. तरीही घरटी फिरून शंभर शंभर रुपये गोळा करणारी बाई त्या फेरीत प्रत्येक दाराशी बोलते, कोणाकडे म्हातारे आहे, कोणाच्या मुलीला रात्री बाहेर जायची भीती वाटते, हे तिला कळते. आणि तो शंभर रुपयांचा हिशेब, जोश्यांच्या पन्नास सह्यांप्रमाणेच, तिचा मुखत्यारनामा होतो.

आता ज्या वाचकांना आपल्या गल्लीत अशी सभा चालवायची आहे, किंवा चालू असलेली सुधारायची आहे, त्यांच्यासाठी अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी सांगतो. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. प्रत्येक विषयाचा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आवक क्रमांक इतिवृत्तात लिहावा, आणि पुढच्या सभेत त्या क्रमांकापासून बोलणे सुरू करावे. ज्या सेवा 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरलेली असते, आणि ती चुकली तर अपील करता येते. इतर बाबतीत 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली आपल्या अर्जाचे पुढे काय झाले हे विचारता येते, आणि एवढे नुसते विचारल्यानेच पुष्कळ वेळा निजलेली फाईल जागी होते. पुण्यात 2006 पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून लहान कामांच्या सूचना मागविते. पदपथ, बाक, दिवे, बसथांबा अशी कामे क्षेत्रीय कार्यालयातून विहित नमुन्यात सुचविता येतात, आणि वेळेत गेलेली, नेमकी जागा सांगणारी सूचना मान्य होण्याचा संभव अधिक असतो. सभेत कोणी कोणावर वैयक्तिक आरोप करू लागला तर अध्यक्षांनी विषय पुकारून चर्चा वळवावी. आणि ठराव कितीही लहान असला तरी तो कोण पार पाडणार त्याचे नाव लिहावे, कारण ‘समिती पाहील’ असे लिहिलेला ठराव कोणीच पाहत नाही.

ह्या सर्वांहून मोठी गोष्ट अनुपस्थितांची आहे. सायंकाळी सहाची वेळ ज्यांना सोयीची त्यांची सभा सायंकाळी सहाला भरते. घरकाम करणारी बाई त्या वेळी चौथ्या घरची भांडी घासत असते, पाळीवर जाणारा कामगार बसमध्ये असतो, परगावाहून शिकायला आलेली आणि दोन खोल्यांत सहाजणांनी राहणारी मुले ह्या पेठेला आपली मानायला धजत नाहीत, आणि आपल्या दारातला कचरा उचलणारी स्त्री तर पेठेत राहतच नाही, जरी पेठेच्या स्वच्छतेविषयी तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. डॉ. बाबा आढाव ह्यांच्यासारख्यांच्या प्रेरणेने 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे ह्याच कष्टकरी स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेशी महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. म्हणजे शहराने त्यांचे काम मान्य केले. आमच्या सभेने मात्र कचऱ्यावर अनेकदा चर्चा केली आणि त्यांना एकदाही बोलाविले नव्हते. भाडेकरूला सभासदत्व नाही, मालकच मत देणार, अशी समजूत पुष्कळ गृहरचना संस्थांत आहे, आणि मालमत्तेच्या प्रश्नांपुरती तिला कायद्याचा आधारही आहे. परंतु बोळातला अंधार मालकाला वेगळा आणि भाडेकरूला वेगळा नसतो.

त्या परिचारिकेच्या घटनेनंतर आमच्या सभेत पुष्कळ वादविवाद झाला, आणि शेवटी सार्वजनिक सभेचा जुना नियम आम्ही लहान प्रमाणात स्वीकारला. कार्यकारी समितीतील प्रत्येकाकडे वीस घरे दिली आहेत. सभेच्या आधीच्या आठवड्यात त्याने त्या वीस दारांवर जायचे, मालक असो वा भाडेकरू, जो दार उघडील त्याला विषय विचारायचा, आणि वहीत त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. पहिल्या दोन महिन्यांत काहींनी दारे उघडली नाहीत, काहींना आम्ही वर्गणी मागायला आलो असे वाटले. तिसऱ्या महिन्यात एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्या जिना उतरू शकत नाहीत, आपल्या वरच्या मजल्यावरून रोज दिसणारी गळकी जलवाहिनी आम्हांला बोट करून दाखविली. रस्त्यावरून ती कोणालाच दिसत नव्हती. सभेची वेळ आता एक महिना सायंकाळी सहा आणि एक महिना रात्री साडेनऊ अशी आलटून पालटून ठेवलेली आहे, आणि रात्रीच्या सभेला चेहरे निराळे असतात. कचरा वेचणाऱ्या दोघीजणी गेल्या दिवाळीपासून येतात; कोपऱ्यावरची कचरापेटी हलविण्याऐवजी ती काढूनच टाकावी, हा ठराव त्यांच्या सांगण्यावरून झाला आणि तो आजवर टिकला आहे.

बोळातला दिवा अकराव्या महिन्यात लागला. इतिवृत्तातील त्या नोंदीखाली चिटणिसांनी त्या परिचारिकेची सही घेतली आहे.

वाचकहो, आपल्या गल्लीत, सोसायटीत वा वस्तीत अशी सभा भरत असेलच. पुढच्या खेपेला जाताना वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचे दार वाजवा, आणि त्याला बरोबर घेऊन जा.